अक्काच्या देव्हाऱ्यातली तसबीर

ज्या घरात माता, म्हणजे देवीचा रोग, आली असंल, त्या घरच्या बाईसाठी मी हे सांगून राहिली. लिहून घेणारे आमचे हे आहेत. मधेच टाक थांबवतात आणि म्हणतात, "हे कशाले लिहा लागते?" मी म्हणते, "लिहा गुमान. आजारी तुमी नव्हते."

औषधाचं मले विचारू नका. मले त्यातलं काई समजत नाई, आणि ज्यायले समजते असं वाटे त्यायलेबी फार समजत नव्हतं. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माता गेली म्हणजे बाई बरी झाली असं लोक समजतात. खपल्या पडतात, ताप उतरते, पण थकवा राहते. पाण्याचा गुंड उचलाले गेलं का वाटते, राहू दे बाई, आज घरात कोणी पाणीच नका पिऊ. माह्या अंगातून तो थकवा अजून पुरता गेला नाई. तुमचाबी लवकर जाणार नाई, म्हणून घाबरू नका.

तंबूतला दिवस

आजाराच्या आधीचं थोडं सांगा लागते, नाई तं पुढचं समजणार नाई.

त्या सालायत कापसाले असा भाव आला होता का लोकायले काय करू आन काय नको झालं होतं. समुद्रापार कुठं लढाई लागली म्हणे, आणि भाव आला आमच्या वऱ्हाडात. कोणी बैलाच्या शिंगाले चांदी मढवली, कोणी बायकोच्या दंडाले. आमचे हे अमरावतीच्या कापसाच्या बाजारात दलाली करत. यायले ना बैलाचा शौक ना दागिन्याचा. यायले तसबिरीचं वेड लागलं.

बाजाराच्या मागं हैदराबादेकडचा एक तसबीरवाला तंबू ठोकून बसला होता. माणसाले खुर्चीवर बसवे आणि काचेवर उतरवे. आत्याबाई, म्हणजे माह्या सासूबाई, ऐकूनच भडकल्या. "माणसाची सावली काचेत कोंडली का माणूस वाळते," त्या म्हणाल्या. यायनं ऐकलं नाई. तेव्हा आत्याबाईनं स्वतःच्या पेटीतली नथ काढली आणि माह्यापुढं आपटली. "जायचंच आहे तं भिकारणीसारखी नको जाऊ. आली का वापस दे." त्या नथीले त्या कोणाले हात लावू देत नव्हत्या, म्हणून हे सांगितलं.

मी लग्नातलं लुगडं नेसली, नथ घातली आणि मथीले मांडीवर घेतलं. मथी माही एकुलती एक लेक. तेव्हा नुकतीच बोलाले लागली होती. तंबूत औषधाचा असा वास होता का डोक्यात जाई. तसबीरवाल्यानं माह्या मानेमागं लोखंडाचा चिमटा लावला आणि म्हणाला, "बाई, हिलना मत. साँस भी धीरे लेना." मी दगडासारखी बसली. पण बाजारातून कापसाची एक झिरमिळ उडत तंबूत आली, आणि मथी तिले धराले हात उडवू लागली. माह्या पोटात हसू उसळून राहिलं होतं आणि मान तं चिमट्यात.

काच धुऊन त्यानं दाखवली. मी साफ आली होती. दाबलेलं हसू, नथीचे मोती, लुगड्याचा काठ, सगळं. आणि मांडीवर मथीच्या जागी धुराचा एक लोट. तसबीरवाला शरमला, म्हणाला, दुसरी काढून देतो. हे म्हणाले, "राहू द्या. अशीच आहे ती."

ती काच चौकटीत बसवून घरी आली. मले ती लय आवडे. भाकरी थापता थापता मी मथीले विचारत असे, "मांडीवर कोण आहे?" ती म्हणे, "धूर."

तवा उतरला

पुढच्या साली ऐन कापसाच्या दिवसायत मले ताप आला. पाठीत असं दुखे जसं कोणी काठीनं बडवलं. मी म्हटलं, थंडी बाधली असंल.

एका सकाळी आत्याबाईनं माही हनुवटी धरून तोंड दाराच्या उजेडाकडं वळवलं. कपाळ पाह्यलं. सैपाकघरात गेल्या. चुलीवर वांग्याची फोडणी बसली होती, तिचा वास येऊन राहिला होता. मले तवा उतरवल्याचा आवाज आला, मग निखाऱ्यावर पाणी पडल्याचा छन्न आवाज आला. आमच्याकडं माता आली का घरात तळण नाई, फोडणी नाई. माह्या आजाराचं नाव मले कोणी सांगितलं नाई. मी चुलीवरून ओळखलं.

पहिलं मनात आलं ते मथीचं. तिले यायनं सरकारी टोचणाऱ्याकडून टोचून आणलं होतं, आत्याबाईले न सांगता. मले कोणी टोचलं नव्हतं. जे हे वाचून राहिले त्यायनं आपली लेकरं टोचून घ्या, घरचे काई का म्हणेनात. तरी तिले घरात ठेवायचं नाई असं ठरलं. अकोल्याले माही मोठी बहीण राहते, तिले मी अक्का म्हणते. तिच्याकडं मथीले पोचवायचं होतं.

भिंतीपलीकडून मले तिचा आवाज ऐकू आला. "माय कुठं आहे?" मी तोंडात पदर कोंबला. ओ दिली असती तं ती आत आली असती.

तेवढ्यात आत्याबाईनं खुंटीवरची तसबीर उतरवली. "या काचेनंच आणलं हे घरात. विहिरीत टाकते." यायनं ती त्यायच्या हातातून घेतली, कापसात गुंडाळली आणि गाडीत मथीजवळ ठेवली. अकोल्याले जाऊन अक्काले सांगितलं, "पोरीले माय विसरू देऊ नका." हे आपलं वाक्य लिहिताना हे जरा खुशीत दिसून राहिले.

मी देवी झाली

दाराले कडुनिंबाचे डहाळे लागले. अकोल्याहून आल्यावर यायनं दाढी केली नाई, बाजारात गेले नाई. आणि आत्याबाई रोज सकाळी माह्यापुढं हात जोडून उभ्या राहू लागल्या. "माते, शांत हो. लेकराचं काई चुकलं असंल तं पोटात घाल." मीठ जास्त झालं तं गल्लीभर आवाज जाईल अशी ही बाई, माह्या पायावर पाणी घालून डोकं टेकवे. मी तापात पडल्या पडल्या मनात म्हणे, आता नथ मागून घ्यावी, या घडीले नाई म्हणणार नाईत.

हसण्यासारखं तेवढंच होतं. बाकी सांगत बसत नाई. डोळे चिकटून गेले होते, गळ्यातून पाणी उतरत नव्हतं, कूस बदलली का अंथरुणासंगं चामडी निघे. आमच्या गल्लीत पिंजाऱ्याची बायको हमीदाबी राहे. तिले लहानपणी माता येऊन गेली होती, म्हणून ती न भिता माह्याजवळ बसे. तिनं नवऱ्याकडून ताजा पिंजलेला कापूस आणवला आणि माह्या पाठीखाली पसरला. ज्या कापसासाठी बाहेर माणसं एकमेकाचे गळे धरून राहिली होती, तो माह्या अंगाखाली होता. त्यावर मले पहिल्यांदा डोळा लागला. घरात असं कोणी पडलं असंल तं अंगाखाली मऊ काई घाला. औषधापेक्षा तेच मले आठवते.

बाहेरून दिवसभर कापसाच्या गाड्यायचा आवाज येई. हे ओट्यावर बसून. ऐन हंगामात घरी बसा लागलं म्हणून यायची चिडचिड मले आत ऐकू ये. पाणी मागितलं तं म्हणत, "थांब जरा." ते जरा लय लांबे. मले वाटे, हे माह्यासाठी बसून राहिले का देवीच्या धाकानं?

आता इथं यायनं टाक खाली ठेवला. मी म्हटलं, "काहून थांबले? खोटं आहे का?" यायनं दौत इकडची तिकडं केली. मग म्हणाले, "मी भेत होतो. आत आलो आन तू बोलली नाई तं? म्हणून येत नव्हतो." मी म्हटलं, "मग तसंच लिहा." लिहिलं आहे.

मरणाचं मले एवढं भेव नव्हतं. थकून गेल्यावर मरण म्हणजे झोपच वाटते. मले भेव होतं का मथी मले विसरून जाईल. लहान पोर, तिले किती दिवस ध्यानात राहणार मायचं तोंड? मग तसबिरीची आठवण ये आणि जिवाले बरं वाटे. तिच्यापाशी माही तसबीर आहे, ती कशी विसरंल?

आरसा

खपल्या पडल्या. देवीले निरोप दिला. चुलीवर तवा चढला. आणि भिंतीवरचा आरसा नाहीसा झाला.

मी कोणाले विचारलं नाई. बोटं फिरवून पाह्यली. कपाळ, गाल, नाक, हनुवटी. कुठंच माहं काई हाताले लागेना. हमीदाबीनं माहा हात धरला. "मत टटोल. मेरेकू देख ले, ऐसाच है." मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं आणि तिच्याचसमोर रडली. दुसरी कोणी असती तं रागावली असती. ती म्हणाली, "रो ले. मैं भी रोई थी. फिर उठके रोटी डाली."

हे आत आले, उजेडात माह्याकडं पाह्यलं आणि म्हणाले, "बैलाले पाणी दाखवून येतो." बैलाले पाणी दाखवून झालं होतं. (हेबी लिहा.)

मग अकोल्याकडून आलेल्या एका गाडीवानानं निरोप आणला. पोर मजेत आहे. अक्काबाईनं तसबीर देव्हाऱ्यात ठेवली आहे, देवासंगं तिची पूजा होते. पोर तसबिरीशी बोलते, तिले घास भरवते. अक्काबाई रोज तिले तंबूची गोष्ट सांगते. नथ आजीची, लुगडं लग्नातलं, माय हसू दाबून बसली होती, आणि हा धूर म्हणजे तू. पोरीले सगळं पाठ आहे.

घरात सगळे खूश झाले. मी सोडून. ज्या तसबिरीच्या भरवशावर मी आजार काढला तीच माह्यावर उलटली होती. मथीची माय काचेतली होती. गुळगुळीत गालाची, नथवाली. तिच्यासमोर मी जाऊन काय म्हणू, का ती खोटी आणि मी खरी?

मग मी जाणं टाळू लागली. आज पाय दुखतात, उद्या चक्कर येते. खोटंबी नव्हतं. उठून दारापर्यंत गेली का दम लागे. एक दिवस आत्याबाईनं विचारलंच, "काहून जात नाई लेकीले आणाले? पोर का परायी झाली?"

"ती मले पाहून भ्याली तं?" मी म्हटलं. आजारात कधी ओरडली नाई एवढ्या मोठ्यानं म्हटलं.

आत्याबाई उठल्या. पेटी उघडली आणि नथ आणून माह्या हातात ठेवली. या वेळी आपटली नाई. "हे घालून जा. तोंड नाई तं नथ तं ओळखंल पोर. आन वापस नको देऊ."

मी नथ नाकाले लावली. जाईना. माता तिथंबी येऊन गेली होती, नाकाचं भोक बुजून गेलं होतं. आत्याबाईनंच ती माह्या पदराच्या टोकाले बांधून दिली आणि गाठ दोनदा ओढून पाह्यली.

अकोल्याले

यायनं दमणी जुंपली. रस्त्यानं कापसाच्या गाड्यायची रांगच्या रांग आणि धुळीत पुढचं दिसेना. मी पदर हनुवटीपर्यंत ओढून बसली. मूर्तिजापुरात मुक्काम केला, तिथं विहिरीवर तोंड धुवाले पदर वर केला तं एका म्हातारीनं मले पाहून हात जोडले. मी तिच्यावरच चिडली. "देवी गेली, आजी. मी भागीरथी आहे." ती हात जोडूनच उभी राहिली.

अक्का दारातच होती. मले उतरवून घेतलं, गळ्यात पडून रडली, पण नजरेले नजर देईना. मी मनात म्हटलं, जिनं मले कडेवर खेळवलं तिलेबी पाहवत नाई, मग पोरीचं काय?

"मथी कुठं आहे?"

"शेजारी खेळून राहिली. येईल आता."

"आन तसबीर?"

अक्कानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "आहे देव्हाऱ्यात. तू आधी पाय धू."

"अक्का, ती तसबीर लपवून ठेव. पोरीनं तिले आन मले संगं पाह्यलं तं संपलं माहं."

"लपवलीच असती गं, भागे. पोर लपवू देत नाई." अक्काचं तोंड उतरलं. "मले तुले एक सांगा लागते…"

तेवढ्यात मथी दारात आली. उंच झाली होती. परकर नेसलेली, गुडघ्याले धूळ. पदराच्या आडून मी तिले डोळे भरून पाहून घेतलं, न जाणो पुढं पाहाले मिळते का नाई.

"मथे, माय आली पाह्य," अक्का म्हणाली.

मथी जागची हलली नाई. "पदर काढ," ती मले म्हणाली.

मी पदर मागं सारला. हसाले गेली पण हसू आलं नाई. ती पाहत राहिली. माह्या कपाळाकडं, गालाकडं, नाकाकडं. मग पाठ फिरवली आणि आत पळाली.

हे अंगणात बैल सोडून राहिले होते. मी हाक मारली, "बैल सोडू नका. वापस जाऊ." माह्या पायात उठायचीबी ताकद नव्हती, तरी म्हटलं.

मथी बाहेर आली. दोनी हातानं तसबीर छातीशी धरलेली. माह्यासमोर गुडघ्याले गुडघा लावून बसली. काचेकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. मग काचेवर एक बोट ठेवलं आणि तेच बोट माह्या गालावर, डोळ्याच्या खाली, ठेवलं. पुन्हा काचेवर, पुन्हा माह्या कपाळावर.

"इथं आहे. इथंबी आहे. आन इथं." बाजारात कापूस पारखणाऱ्यासारखी गंभीर झाली होती. मग मान वळवून म्हणाली, "मावशी, मायच आहे ही. फक्त नथ नाई घातली."

मी तिच्या हातातून तसबीर घेतली. काचेतल्या माह्या तोंडाचे कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक बारीक कपचे निघून गेले होते. गालावर खड्डे, नाकावर खड्डे. मांडीवरचा धूर अर्धा पुसला गेला होता. मले काईच समजेना. मी अक्काकडं पाह्यलं.

अक्का माह्याजवळ येऊन बसली. "मी केलं हे. रोज देवासंगं तुलेबी आंघोळ घातली गं, तू जगावी म्हणून. पितळेचे देव चिंचेनं घासते तशी तुलेबी चौकटीतून काढून घासली. तसबीर काचेवर सायीसारखी असते, घासायची नाई, हे मले कोणी सांगितलं? आधी एक टिकली गेली. मग दुसरी. मले वाटलं, इकडं मी घासून राहिली आन तिकडं तुले फोड उठून राहिले. मग अजून घासली, का डाग निघून जातील म्हणून. बंद कराले गेली तं ही पोर रडे, मायची आंघोळ राहिली म्हणे."

अक्का रडून राहिली होती आणि मले हसू फुटलं. आजारापासून पहिल्यांदा. गाल ताणले गेले, दुखले, तरी थांबेना. हे चाबूक हातात धरून दारात येऊन उभे राहिले, यायले काई समजेना. अक्काबी रडता रडता हसाले लागली.

मथीले राग आला. "हसू नको, माय. हललं का तसबीर बिघडते." अक्कानं रोज सांगितलेली गोष्ट ती मले सांगून राहिली होती. मग तसबीर घेऊन माह्या मांडीवर चढली. पदराची गाठ तिले टोचली. तिनं ती सोडली, नथ काढली, पाह्यली आणि मुठीत ठेवली.

"मी इथंच बसली होती ना?"

"इथंच."

"आन मी धूर झाली होती."

"हो."

"आता नाई हलत," ती म्हणाली.

यायनं बैल सोडले, त्यायले वैरण टाकली. अक्कानं डोळे पुसले, चुलीवर तवा चढवला, फोडणीचा वास घरभर झाला. भाकरी झाल्या, ताटं वाढली, अक्का दोनदा बोलावून गेली. माह्या मांडीले मुंग्या आल्या होत्या. पोर तशीच बसून होती, हलली नाई.